किरणोपचार व प्रतिकारोपचार यांचा संयोग : सुरक्षिततेच्या कल्पनेचा इतिहास आणि बुलढाणा जिल्ह्यातील रुग्ण

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्करोगावरील कोणताही नवा उपचार रूढ होऊ लागला म्हणजे त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्याने रोग हटतो काय, हा पहिला. आणि त्याने रोग्यास अपाय होतो काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. दुसऱ्याचा इतिहास त्या मानाने उपेक्षितच राहिला. दोन उपचार एकत्र दिले जातात तेव्हा हा दुसरा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण दोहोंचे अपाय निरनिराळे माहीत असले, तरी त्यांच्या संयोगातून उद्भवणारा अपाय त्यांच्या बेरजेइतकाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

किरणोपचार आणि प्रतिकारोपचार यांचा संयोग हे ह्याचे अलीकडचे ठळक उदाहरण होय. क्ष-किरण, रेडियम किंवा कोबाल्ट यांच्या प्रारणाने अर्बुदाच्या पेशी मारणे हा किरणोपचार. आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारसंस्थेस अर्बुदाविरुद्ध प्रवृत्त करणे हा प्रतिकारोपचार. हा संयोग सुरक्षित आहे काय, ह्या प्रश्नास गेल्या काही वर्षांतील मोठ्या चाचण्यांनी बरेचसे आश्वासक उत्तर दिले आहे. परंतु त्या उत्तरास काही अटी जोडलेल्या आहेत, आणि त्या अटींपैकी सर्वांत महत्त्वाची अट औषधाच्या कुपीत नसून रुग्ण व रुग्णालय यांमधील अंतरात आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिल्यास ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

२. दोन प्रवाहांचा उगम

दोन्ही उपचारांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जवळजवळ एकाच वेळी झाला. न्यूयॉर्क येथील शस्त्रवैद्य विल्यम कोली याने १८९१ मध्ये एका सार्कोमाच्या रुग्णास विसर्प रोगाचे जंतू टोचले. विसर्पाचा ताप येऊन गेलेल्या काही रुग्णांची अर्बुदे विरघळल्याचे त्याच्या वाचनात आले होते. पुढे जिवंत जंतूंचा धोका ध्यानात आल्यावर त्याने मृत जंतूंचे मिश्रण वापरण्यास प्रारंभ केला. तेच ‘कोलीचे विष’ म्हणून प्रसिद्धी पावले. म्हणजे प्रतिकारोपचाराच्या इतिहासातील पहिली सुधारणा ही परिणामकारकतेसाठी नव्हे, तर सुरक्षिततेसाठी करावी लागली.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले. किरणांचा परिणाम मोजता येत होता, अर्बुद आकसताना डोळ्यांना दिसत होते. उलट कोलीच्या विषाची मात्रा अनिश्चित आणि फळ बेभरवशाचे होते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ जेम्स एविंग हा किरणांचा पुरस्कर्ता व कोलीच्या पद्धतीचा टीकाकार होता. १९३६ मध्ये कोली निवर्तला, तोपर्यंत प्रतिकारोपचार मागे पडून किरणोपचार सर्वत्र प्रस्थापित झाला होता. दोन प्रवाह वेगळे झाले, ते जवळजवळ पाऊणशे वर्षे वेगळेच वाहत राहिले.

प्रस्थापित झालेल्या किरणोपचारानेही आपला धडा उशिराच घेतला. रॉबर्ट स्टोन याने कॅलिफोर्नियात १९३८ ते १९४३ ह्या काळात न्यूट्रॉन किरणांनी रुग्णांवर उपचार केले. आरंभीचे परिणाम उत्साहवर्धक होते. परंतु काही वर्षांनी जे रुग्ण जगले त्यांच्या त्वचेवर व ऊतींवर भयंकर विकृती दिसू लागल्या, आणि हा उपचार पुढे चालू ठेवू नये असा निष्कर्ष स्वतः स्टोन यासच जाहीर करावा लागला. उपचार संपताना दिसणारी सुरक्षितता आणि कालांतराने दिसणारी सुरक्षितता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र त्या घटनेपासून किरणवैद्यकाच्या पायाशी आहे.

३. मुंबई, नागपूर आणि वऱ्हाड

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या देशातील कर्करोगाचे स्वरूप पाश्चात्त्य देशांतील स्वरूपाहून वेगळे आहे, आणि त्याचे मूळ येथील लोकांच्या सवयींत व राहणीत शोधले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या संशोधनाने दिली. १९५७ मध्ये हे रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. त्यामुळे किरणोपचार व अणुविज्ञान यांची सांगड मुंबईत एका छत्राखाली घातली गेली. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे तयार केलेले ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र त्याच परंपरेचे फळ होय.

बुलढाणा जिल्हा त्या काळी मुंबई प्रांतात नव्हता. वऱ्हाडचा हा पश्चिम भाग १९०३ पासून मध्य प्रांताशी जोडलेला होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यकारभाराची दिशा बदलली तरी भूगोल बदलला नाही. जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा ‘घाटाखालचा’ भाग; आणि चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा ‘घाटावरचा’. नागपूरपर्यंत १८६७ मध्ये पोहोचलेला लोहमार्ग घाटाखालून जातो. शेगावहून मुंबई सुमारे ५५० किलोमीटर आहे, तर नागपूर सुमारे ३०० किलोमीटर. घाटावरच्या लोकांना जालना व छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, जवळ पडते.

किरणोपचारासाठी ह्या जिल्ह्यातील रुग्ण परंपरेने ह्याच वाटांनी जात आले आहेत : कोणी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाकडे, कोणी अकोल्यास, कोणी औरंगाबादच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तर कोणी थेट परळला. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगासाठी संपूर्ण किरणोपचार ६६ ते ७० ग्रे इतका असून तो साधारणतः साडेसहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस द्यावा लागतो. एवढा काळ रुग्ण व त्याच्या सोबतचा नातेवाईक शहरात राहतात. शेवटचा किरण घेतला की गावी परततात. ह्या परतण्याशी प्रस्तुत विषयाचा निकट संबंध आहे.

४. संयोगाचा पहिला धडा : रसायने आणि प्रतिपिंड

किरणांशी प्रथम संयोग झाला तो प्रतिकारोपचाराचा नव्हे, रासायनिक औषधांचा. १९९९ मध्ये अमेरिकेतील चाचण्यांच्या आधारे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर सिस्प्लाटिन द्यावे, असा सल्ला दिला गेला. परंतु भारतातील बहुसंख्य स्त्रिया रोग पुष्कळ वाढल्यावर येतात. त्यांच्या बाबतीत अधिक विषाक्त उपचार हितकर ठरेल काय, ही शंका होती. टाटा मेमोरियल रुग्णालयाने तिसऱ्या-ब अवस्थेतील ८५० स्त्रियांची यदृच्छ विभागणी करून तिचा निकाल लावला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण केवळ किरणोपचारात ४३.८ टक्के, तर संयुक्त उपचारात ५२.३ टक्के होते. परदेशी पुरावा जसाच्या तसा न स्वीकारता तो येथील रुग्णांवर पुन्हा तपासून घेण्याची ही पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतरचा टप्पा प्रतिपिंडांचा. निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड अर्बुदपेशींवरील वृद्धिग्राहकास बांधून ठेवते. मान व डोक्याच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवरील टाटा रुग्णालयाच्या चाचणीत, सिस्प्लाटिन व किरणोपचार यांना निमोटुझुमॅबची जोड दिल्याने रोगनियंत्रण सुधारल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. इतर गंभीर अपाय दोन्ही गटांत सारखे होते. मात्र तोंड व घसा यांच्या अंतस्त्वचेचा तीव्र दाह ५५.८ टक्क्यांवरून ६६.७ टक्क्यांवर गेला. ज्याचे तोंड सोलवटले आहे त्यास अन्न गिळता येत नाही. अन्न गेले नाही तर उपचारात खंड पडतो. आणि किरणोपचारात खंड पडला तर त्याचा लाभ घटतो. अपाय हा केवळ दुःखाचा विषय नसून उपचाराच्या यशाचाही विषय असतो, हे येथे स्पष्ट दिसते.

५. प्रवाहांचा पुनःसंगम

प्रतिकारसंस्था व किरण यांचा अंतःसंबंध सूचित करणारी निरीक्षणे मधल्या काळात होत होतीच. १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. एच. मोल याने, एका जागी किरण दिले असता शरीरातील दूरच्या जागी घडणाऱ्या परिणामास ‘ॲब्स्कोपल’ हे नाव दिले. १९७९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, ‘टी’ लसिकापेशी काढून घेतलेल्या उंदरांचे अर्बुद नष्ट करण्यास साधारण उंदरांच्या सुमारे दुप्पट किरणमात्रा लागते. किरण एकटे काम करीत नाहीत. मारलेल्या पेशींतून बाहेर पडणारी प्रतिजने प्रतिकारसंस्थेस जागृत करतात आणि उरलेले काम ती करते, असा ह्याचा अर्थ.

तथापि अर्बुदे प्रतिकारसंस्थेचेच लगाम खेचून तिला थोपवून धरतात. हे लगाम जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांनी उलगडले आणि त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सैल करणारे पहिले औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब आली. २०१२ मध्ये इपिलिमुमॅब घेत असलेल्या एका रुग्णाच्या एकाच गाठीस किरण दिल्यावर दूरच्या गाठीही आकसल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि कोली व राँटगेन यांचे प्रवाह पुन्हा एकत्र आले.

लगाम सैल झाला म्हणजे प्रतिकारसंस्था केवळ अर्बुदावरच नव्हे, निरोगी इंद्रियांवरही धावून जाऊ शकते. फुप्फुसे, आतडी, यकृत, अवटु ग्रंथी, त्वचा ह्यांपैकी कोठेही दाह उद्भवतो. फुप्फुसाचा दाह तर किरणांमुळेही होतो. म्हणून दोन्ही एकत्र दिल्यास अपाय गुणाकाराने वाढेल, ही भीती सकारण होती.

६. चाचण्यांचा निर्णय

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅसिफिक’ चाचणीने ह्या भीतीस पहिले मोठे उत्तर दिले. फुप्फुसाच्या तिसऱ्या अवस्थेतील कर्करोगाच्या ७१३ रुग्णांस रसायने व किरणोपचार पूर्ण झाल्यानंतर ड्युर्व्हालुमॅब किंवा निष्क्रिय द्रव देण्यात आले. बारा महिन्यांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ३५.३ टक्क्यांवरून ५५.९ टक्के झाले. फुप्फुसदाह एकंदर २४.८ टक्क्यांवरून ३३.९ टक्क्यांवर गेला, पण त्याचे तीव्र स्वरूप २.६ व ३.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. अमेरिकी औषध प्रशासनाने ६८ चाचण्यांतील सोळा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये असाच निर्वाळा दिला की, किरणोपचारानंतर ९० दिवसांच्या आत ही औषधे दिल्याने गंभीर अपाय वाढतात असे दिसत नाही.

परंतु क्रम बदलला तेव्हा फळही बदलले. ‘पॅसिफिक-२’ मध्ये तेच औषध किरणोपचाराच्या आरंभापासून दिले गेले. लाभ झाला नाही; उलट अपायांमुळे औषध बंद करावे लागलेल्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून २५.६ टक्के झाले. मान व डोक्याच्या कर्करोगात ‘जॅव्हेलिन’ चाचणीत अव्हेलुमॅब, आणि ‘कीनोट-४१२’ मध्ये ८०४ रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब, किरणोपचारासोबत देण्यात आले. दोन्ही ठिकाणी अपेक्षित यश आले नाही. मानेतील लसिकाग्रंथींवर विस्तृत किरण दिल्याने ज्या पेशींना जागे करावयाचे त्याच मारल्या जातात, असे ह्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र १०६० स्त्रियांच्या ‘कीनोट-ए१८’ चाचणीत, दोन वर्षांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ५७ टक्क्यांवरून ६८ टक्के झाले. गंभीर अपाय ६९ टक्क्यांवरून ७५ टक्के झाले.

ह्यावरून संयोग सुरक्षित आहे किंवा नाही, असे एका वाक्यात सांगता येणार नाही. अवयव कोणता, क्रम कोणता, मात्रा किती, ह्यांवर उत्तर अवलंबून आहे. शिवाय ‘पॅसिफिक’ मध्ये, किरणोपचाराने ज्यांना लक्षणीय फुप्फुसदाह झाला होता त्यांना, तसेच स्वप्रतिकाराचे विकार असलेल्यांना, घेतलेच नव्हते. सुरक्षिततेचे आकडे हे निवडलेल्या आणि नियमितपणे तपासल्या गेलेल्या रुग्णांचे आकडे आहेत, हे विसरता कामा नये.

७. बुलढाण्याच्या संदर्भात

ह्या जिल्ह्याच्या बाबतीत तीन गोष्टींचा विचार आवश्यक आहे.

पहिली, मूत्रपिंडाची. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारट असून, संग्रामपूर व जळगाव जामोद ह्या तालुक्यांतून मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी दीर्घकाळ होत आल्या आहेत. सिस्प्लाटिन हे मूत्रपिंडास घातक असल्याने अशा रुग्णांस ते देता येत नाही. त्यामुळे त्याऐवजी प्रतिकारोपचाराची जोड द्यावी असा मोह होणे स्वाभाविक आहे. पुरावा मात्र त्या बाजूचा नाही. सिस्प्लाटिन न सोसणाऱ्या रुग्णांवरील फ्रान्समधील चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब व अमेरिकेतील चाचणीत ड्युर्व्हालुमॅब, ही किरणोपचारासोबत सेटुक्सिमॅबहून सरस ठरली नाहीत. उलट टाटा रुग्णालयाने अशाच ३५६ रुग्णांस किरणोपचाराबरोबर डोसिटॅक्सेल हे जुने औषध दिले, तेव्हा दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्के झाले. तोंडाचा तीव्र दाह मात्र दुपटीहून वाढला.

दुसरी गोष्ट मात्रेची. पूर्ण मात्रेचा प्रतिकारोपचार सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. टाटा रुग्णालयाने मान व डोक्याच्या बऱ्या न होऊ शकणाऱ्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी एका गटास, तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीला, निवोलुमॅब नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी केवळ २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिले. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले आणि गंभीर अपाय वाढले नाहीत. ही कामगिरी मोठी आहे. पण हे रुग्ण किरणोपचार घेणारे नव्हते. अल्प मात्रा सुरक्षित ठरली म्हणून किरणांसोबतची अल्प मात्राही सुरक्षितच असेल, असे अनुमान ह्या चाचणीवरून काढता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अंतराची. प्रतिकारोपचाराचे अपाय रुग्णालयात क्वचितच प्रकट होतात. ते काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, औषध थांबल्यावरही उद्भवतात. तोपर्यंत रुग्ण आपल्या गावी असतो. त्यास कोरडा खोकला व धाप लागली तर गावचा वैद्य प्रथम क्षयाचा किंवा न्यूमोनियाचा संशय घेईल, आणि ह्या देशात तो संशय अवास्तवही नाही. त्यास वारंवार हगवण लागली तर ती दूषित पाण्याची मानली जाईल. वस्तुतः ही फुप्फुसदाहाची व आंत्रदाहाची लक्षणे असू शकतात. त्यांवर वेळीच व पुरेशा मात्रेत स्टेरॉइड दिल्यास बहुधा गुण येतो. विलंब झाल्यास प्राणावर बेतते. क्षय समजून महिना गेला, तर चाचणीतील ३.४ टक्के हा आकडा त्या रुग्णापुरता निरर्थक ठरतो. चाचणीतील रुग्ण दर काही आठवड्यांनी तपासला जात होता. लोणारचा किंवा संग्रामपूरचा रुग्ण पुढील तारखेपर्यंत थांबतो, कारण प्रवासास पैसा व सोबत दोन्ही लागतात.

ह्यावर उपाय अशक्य नाही, आणि त्याचा मार्गही महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडतो. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरापासून दूर असलेल्या खेड्यांतील रुग्णाचा माग चिकाटीने ठेवता येतो, हे तिने सिद्ध केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संयुक्त उपचार घेऊन परतलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद जिल्ह्यात ठेवणे, कोणते औषध केव्हा दिले हे सांगणारे मराठी पत्रक त्याच्या हाती देणे, आणि धाप व हगवण यांचा अर्थ तालुक्याच्या वैद्यास शिकविणे, ही कामे कोबाल्ट यंत्राइतकी खर्चिक नाहीत.

८. समारोप

कोलीने जिवंत जंतूंऐवजी मृत जंतू वापरले, स्टोनने आपलाच उपचार मागे घेतला, टाटा रुग्णालयाने परदेशी पुरावा येथील रुग्णांवर तपासला; ह्या तिन्ही ठिकाणी ज्ञान मिळाले ते रुग्णावर दीर्घकाळ नजर ठेवल्यामुळे. सुरक्षितता हा औषधाचा अंगभूत गुण नव्हे. ती पाळतीने सिद्ध होते आणि पाळतीनेच टिकते. किरणोपचार व प्रतिकारोपचार यांचा संयोग योग्य रुग्णास, योग्य क्रमाने दिल्यास पुष्कळ अंशी निर्धोक आहे, हा निष्कर्ष आज मान्य करावयास हरकत नाही. मात्र तो बुलढाणा जिल्ह्यास लागू करावयाचा, तर ज्या पाळतीच्या बळावर तो काढला गेला ती पाळत घाटाखाली व घाटावर, दोन्हीकडे पोहोचली पाहिजे.